लिंबाखालचा संघ

चैत्र जवळ आला की चाकणच्या आसपासच्या गावांच्या वेशींवर यात्रेचे फलक लागतात. हल्ली त्यांवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि देवाचा छोटा असतो. पण तळाशी एक ओळ अजून असते, ‘भव्य कबड्डी सामने’. पिंपळे गुरवहून मुलाच्या गाडीतून गावाकडे जाताना मी ती ओळ वाचत जातो. कंटेनरच्या रांगेत गाडी अडकते, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर मिळतो. मुलगा म्हणतो, “अप्पा, काच वर करा, धूळ येतेय.” मी ऐकू न आल्यासारखं करतो. त्या धुळीत, डिझेलच्या वासाखाली, कुठल्या तरी रानात काढून टाकलेल्या कांद्याचा वास असतो. तो नाकात गेला की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. या वयात त्यांना ताठ व्हायचं काही कारण नाही, तरी होतात.

दुष्काळ सरून एक चांगला पाऊस झाला होता, त्यानंतरचा तो चैत्र. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढला त्या गावांना त्या वर्षी यात्रा करायची केवढी हौस आली होती! आज या गावची, दोन दिवसांनी पलीकडच्या गावची, असा सगळा महिना. खळ्यावर गव्हाची रास, बांधावर कांद्याचे ढीग, शर्यतीच्या घाटात बैलगाड्यांचा धुरळा, आणि ऊन कललं की देवळामागच्या पटांगणात पाणी मारून, फक्कीनं रेघा ओढून तयार केलेलं कबड्डीचं मैदान. ओल्या मातीचा गारवा अनवाणी पायांना लागायचा. पहिला सामना संपेपर्यंत तो टिके, मग पुन्हा धूळच.

अडचण एकच होती. संघच पुरे भरत नव्हते. प्रत्येक गावातली निम्मी तरणी पोरं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागली होती. कोणी पहिल्या पाळीला, कोणी दुसऱ्या, कोणी रात्रपाळी करून डोळे चोळत थेट मैदानावर. सातातले चार हजर आणि तिघं मशीनवर, अशी गत. मग यात्रा कमिट्यांनी एक युक्ती काढली. सामने सुरू व्हायच्या आधी भोंग्यावरून पुकारा व्हायचा, “ज्यांचा संघ पुरा भरत नाही त्यांनी लिंबाखाली जमावं! लिंबाखाली!” जे सात तिथं सापडतील त्यांचा एक संघ. सगळ्याच गावांच्या पटांगणात लिंब नव्हता. एका ठिकाणी तर आम्ही पाण्याच्या टाकीखाली जमलो होतो. पण नाव पडलं ते पडलंच, लिंबाखालचा संघ.

आम्हाला गाव नव्हतं, झेंडा नव्हता, एकसारखे बनियनही नव्हते. पुढे नारूनं ती सोय केली. नारू पिंपरी कॅम्पातला सिंधी, बापाचं कापडाचं दुकान. शिलाईत चुकलेले, म्हणजे एक बाही आखूड, एक लांब, असे बनियन तो दुकानातून घेऊन यायचा. कबड्डी तो आमच्यातच शिकला. “कबड्डी कबड्डी” इतक्या झपाट्यानं म्हणायचा की पंच त्याला थांबवून विचारत, “अरे, तू काय म्हणतोस ते तरी कळू दे!” नारू हात जोडून म्हणायचा, “साहेब, दुकानात भाव पण असाच सांगतो.” दुसरा काशिनाथ, चिपळूणकडचा, पिंपरीत खोली घेऊन राहणारा. वाळक्या काटकीसारखा, पण चढाईला गेला की समोरच्यांच्या मधून पाण्यासारखा निघून यायचा. उरलेले दोघं-तिघं दर गावाला वेगळे. त्यातल्या कित्येकांची नावंही मला कळली नाहीत, पण कोण पकडीला घाई करतो आणि कोणाचा उजवा गुडघा दुखरा आहे ते अजून सांगेन.

आणि सुदाम.

सुदाम माझ्याच गावचा, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला. पिंपरीत आम्ही एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या लेथवर. गावात मात्र आमची वाट ओढ्यापाशी वेगळी व्हायची. गावचा संघ तालमीचा. त्यात वस्तीवरचा पोरगा घेत नसत. कोणी तसा ठराव केला नव्हता, कोणी विचारतच नव्हतं एवढंच. मला त्या वर्षी तालमीनं वगळलं ते दुसऱ्या पाळीमुळं, सरावाला येत नाही म्हणून. म्हणजे मी तात्पुरता बाहेर होतो आणि सुदाम कायमचा. लिंबाखाली मात्र दोघं सारखेच उभे होतो.

कबड्डीत पकड करणारे हात धरून उभे राहतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी उजवा कोपरा, सुदाम माझ्या शेजारी. पहिल्या गावी पहिल्या सामन्याला चढाईवाला रेघ ओलांडून आला, सुदामनं हात पुढं केला आणि माझा हात क्षणभर मांडीशीच राहिला. कारखान्यात आम्ही एक बिडी दोघांत ओढत होतो, पाना त्याच्या हातून घेत होतो. पण इथं भोवती गावं बसली होती. सुदाम चढाईवाल्यावरची नजर न काढता म्हणाला, “धर की, लेका. करंट न्हाई लागत.”

मी धरला. लेथच्या तेलानं काळपट झालेला, लोखंडाच्या किसानं कापलेला हात, अगदी माझ्यासारखाच. त्या महिन्यात मी तो हात किती वेळा धरला असेल कोण जाणे. हळूहळू असं झालं की चढाईवाला डावीकडे झुकणार हे त्याच्या पायांआधी मला सुदामच्या बोटांतून कळायचं. बोटं जरा आवळली की मी थांबायचो, सैल पडली की झेप घ्यायचो. बोलायची गरजच नव्हती. पुढे मी कारखान्याच्या संघातून बरीच वर्षं खेळलो, चांगल्या चांगल्या खेळाडूंच्या शेजारी उभा राहिलो. पण दुसऱ्याच्या बोटांतून खेळ समजणं पुन्हा मिळालं नाही. तो महिना मला मिळाला याबद्दल मी कोणाचे आभार मानावेत? दुष्काळाचे, पाळ्यांचे, की पोरं न पुरणाऱ्या गावांचे? आमच्यातला प्रत्येक जण कुठून तरी उरलेला होता, म्हणूनच एकमेकांच्या वाट्याला आला.

सामना संपला की काशिनाथ भज्यांच्या गाडीपाशी उभा राहून कोकणातल्या पाण्याचं कौतुक सांगायचा. नारू म्हणायचा, “एवढं पाणी आहे तर इथं कशाला आलास रे?” काशिनाथ शांतपणे म्हणायचा, “पाणीच हाय, बाकी काय नाय.” मग आपापल्या सायकली. परत कधी भेटू ते ठरवायचं नाही. पुढच्या गावचा भोंगा ठरवेल.

शेवटची यात्रा आमच्या गावची. आणि आम्ही जिंकत जिंकत अंतिम सामन्यात आलो, समोर आमच्याच गावचा संघ. त्यांचा मुख्य चढाईवाला शिवराम, माझा सख्खा चुलत भाऊ. सगळं गाव मैदानाभोवती. बायका देवळाच्या ओट्यावर, पोरं झाडांवर, आणि वस्तीवरची माणसं ओढ्याच्या बाजूला, थोडी वेगळी, पण सगळी उभी. सुदामची आई पदर कपाळावर ओढून पहिल्या ओळीत होती.

खेळ संपत आला होता. आम्ही एका गुणानं पुढे. शिवराम चढाईला आला. मी आणि सुदाम हात धरून त्याच्या मागे सरकलो, त्यानं परत फिरता फिरता पाठमोरीच एक उलटी लाथ झाडली आणि रेघेवर झोकून दिलं. धूळ उडाली. त्याची टाच कोणाच्या तरी नडगीला लागली होती, हे सगळ्यांना कळलं. कोणाच्या, ते शिवरामलाही दिसलं नव्हतं, त्याची पाठ होती. आमचे पाय एकमेकांना चिकटून होते. पंच बाहेरगावचा. तो धावत आला, गुण गावाला दिला आणि विचारलं, “कोणाला लागला?”

लिंबाखालच्या संघात एक रीत होती. लागलं की आपण होऊन निघायचं. पंचानं सांगायची वाट बघायची नाही. आम्हाला गाव नव्हतं, म्हणून आमच्या बाजूनं ओरडायला कोणी नव्हतं. आमचा शब्दच खरा धरला जायचा, आणि म्हणून तो खरा ठेवावा लागायचा.

माझी नडगी ठणकत होती.

मी गप्प उभा राहिलो. तालमीनं मला वगळलं होतं. समोर शिवराम होता. गाव बघत होतं. बाद होऊन त्यांच्या देखत बाहेर जाऊन बसायचं मला नको होतं. तेवढ्यात माझ्या हातातला हात सुटला. सुदाम निघाला. रेघेपाशी जाऊन तो थांबला, खाली वाकून गुडघ्याची पट्टी पुन्हा बांधली, आणि मग बाहेर जाऊन बसला.

गुण बरोबरीत आले होते. आमच्या काशिनाथची चढाई रिकामी गेली. शिवराम पुन्हा आला. मी कोपऱ्यातून झेपावून त्याचा घोटा धरला आणि तो असा धरला की शिवराम तोंडावर पडला, मी त्याच्यासोबत फरफटत गेलो, पण सोडला नाही. शिट्टी वाजली. आम्ही एका गुणानं जिंकलो. नारू माझ्या पाठीवर चढून सिंधीत काहीतरी ओरडत होता. गावानं, सामना हरूनसुद्धा, मला फेटा बांधला, कारण पोरगा गावचाच होता. ढाल कुठं ठेवायची हा प्रश्न पडला, कारण संघाला घर नव्हतं. शेवटी ती नारूच्या दुकानात, साड्यांच्या वर, टांगली गेली.

त्या पकडीची गोष्ट झाली. पावसाळ्याच्या आत ती आमच्या कारखान्यात पोचली आणि कारखान्याच्या संघात माझी निवड झाली. सरावासाठी लवकर सुटी, पहिली पाळी कायमची. सुदामला कोणी विचारलं नाही. कारण गोष्टीत तो बाद झालेला होता. “ऐन वेळी सुदामला लागला, पाय जड पडला त्याचा, पण आपल्या ज्ञानोबानं...” असं गाव सांगायचं. आणि खरं लिहायचं तर मीही तसंच सांगितलं. आधी नुसता गप्प होतो. मग मान हलवायला लागलो. मग एके वर्षी यात्रेत पोरांना सांगताना माझ्याच तोंडून निघालं, “सुदामला लागला.” पहिल्यांदा जीभ अडखळली. पुढे तीही अडखळेना.

सुदाम काही बोलला नाही. लेथवर शेजारी उभा राहून तसाच गाणी गुणगुणत काम करायचा. काही वर्षांनी त्याला दापोडीकडे दुसऱ्या कारखान्यात काम लागलं, आई-बायको-पोरीला घेऊन तो तिकडेच गेला. लग्नाकार्यात भेट व्हायची. “काय ज्ञानबा, बरं हाय का?” म्हणायचा, आणि मी त्याच्या डोळ्यांऐवजी खिशातल्या पेनाकडे बघायचो.

यंदा शिवरामचा नातू अक्षय घरी आला. यात्रा कमिटीत आहे. “आबा, या वेळी मॅटवर सामने. लाइट बिइट एकदम कडक. आणि जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवलाय. तुम्ही माईकवर ती पकड सांगायची. पोरांना माहीत पाहिजे राव, इतिहास.” मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून दापोडीला गेलो.

सुदामचं घर रेल्वेफाटकाजवळच्या गल्लीत, वर एक मजला चढवलेलं. तो खुर्ची टाकून दारातच बसला होता. केस सगळे गेलेत, खांदे अजून रुंद. चहा झाला. मी म्हणालो, “सुदाम, त्या दिवशी लागलं होतं ते मला.”

तो हसला. मोठ्यानं. “आरं, मला कशाला सांगतूस? मला ठावंच हाय की! माझी नडगी माझ्यापाशीच हुती.”

“मग गेलास का?”

“मग काय करायचं? पंच इचारतोय, तू इठोबावानी उभा. मी म्हनलो असतो ह्याला लागलं, तू म्हनला असतास न्हाई. मग भांडण. शिवराम, तुझी तालीम, सगळं गाव. आन भांडणात नाव कुनाचं पुढं आलं असतं? म्हाई आय उभी हुती ओढ्याकडं.” त्यानं रिकामा कप बाजूला सरकवला. “तरी लगीच गेलो न्हाई मी. रेघेपाशी थांबलो हुतो.”

“पट्टी बांधायला.”

“पट्टी व्हती चांगली घट्ट. म्हनलं, बोलतोय का बघू.”

फाटकावरून एक लोकल धडधडत गेली. मग मी हात जोडले, चुकलं म्हणालो. सुदामनं माझे हात खाली केले.

“आसं घरात येऊन म्हनू नगंस. हितं कुनाला काय कळायचं हाय? म्हाई पोरगी गावच्या साळंत हुती तवा पोरं तिला चिडवायची, तुझा बाप बाद, तुझा बाप बाद. घरी येऊन मला इचारायची, तुम्ही खरंच बाद झाला व्हता का? मी म्हनायचो, व्हय. आता तिला काय सांगायचं? तिथं सांग, ज्ञानबा. जिथं झालं तिथं.”

“तू येशील?”

“बघू,” म्हणाला. पण निघताना आतून इस्त्रीचा पांढरा सदरा काढून आणला आणि मला विचारलं, “ह्यो बरा दिसंल का?”

गावात मैदान ओळखू येत नव्हतं. निळं-पिवळं मॅट, दिवे, बाकड्यांवर बनियनऐवजी नावाच्या जर्सी. मातीचा वास नाही, पण पोरांच्या घामाचा तोच. आमच्या मागं सिमेंटचं गोदाम, त्यापुढे कुठल्या कंपनीची चिमणी. पहिल्या रांगेत शिवराम, काठी टेकून. त्याच्या शेजारी मी, माझ्या शेजारी सुदाम. अक्षयनं माझं नाव पुकारलं, आणि “ती ऐतिहासिक पकड” म्हणून टाळ्यांचा गजर केला.

मी जरा लांबलोच. लिंबाखालचा संघ सांगितला, नारू आणि काशिनाथ सांगितले, दोघंही आता नाहीत. सुदामची बोटं सांगितली, आणि गावच्या देखत तो हात धरायला मी पहिल्यांदा कसा कचरलो तेही. पोरं मोबाईल वर करून रेकॉर्ड करत होती. म्हणालो, “शिवरामची लाथ मला लागली होती. मी बाद होतो. सुदाम बाद झाला नाही. मी बोललो नाही म्हणून तो बाहेर गेला. आजवर मी तुम्हाला खोटं सांगत आलो. सुदाम इथं बसलाय. त्याला लागलं नव्हतं.”

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवायची कशाला, ते कोणालाच कळेना. अक्षयच्या हातातला दुसरा माईक नुसताच घरघरत होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून शिवराम काठी आपटत उठला.

“म्हंजी आमी जिकलो हुतो?”

सगळं मैदान हसलं. “आरं, हसता काय! ढाल आमची हुती मग! ह्या येड्यानं माझा घोटा धरला आन ह्यो तर बाहेर पायजे हुता!” तो माझ्यावर काठी उगारून आला आणि मध्येच थांबून सुदामकडे वळला. त्याच्यापाशी गेला, खाली वाकला आणि पुसटसं काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. सुदामनं मान डोलावली. मग शिवरामनं स्वतःच्या डोक्यावरचा सत्काराचा फेटा काढून सुदामच्या डोक्यावर ठेवला. तो वाकडा बसला, पण सुदामनं तो सरळ केला नाही. आता टाळ्या झाल्या. वस्तीवरची माणसं या वेळी खुर्च्यांच्या रांगांत जागोजागी मिसळून बसली होती. त्यातून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “सांगितलं बाबा एकदाचं.”

अक्षयनं सुदामपुढे माईक धरला. सुदाम त्यात बघत राहिला. “चला, पोरं खोळंबल्यात,” म्हणाला, “शिट्टी मारा.”

पहिला सामना सुरू झाला. गर्दीनं आमच्याकडे पाठ फिरवली, ते फार बरं वाटलं. सुदाम उठून देवळाच्या ओट्यापाशी गेला, तिथं आवाज कमी होता. खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला. मी जवळच होतो, जाऊ की थांबू ते मला कळत नव्हतं.

“हां, मी. सांगितलं त्यानं.” तो ऐकत राहिला. “व्हय. माईकवर. सगळ्यांसमोर.” पुन्हा ऐकत राहिला, या वेळी बराच वेळ. वाकडा फेटा एका हातानं धरून ठेवला होता. “अगं रडतीस कशाला? आता तुझ्या शाळंतली पोरंबी म्हातारी झाली असतील.” मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोनमध्ये म्हणाला, “न्हाई, लगेच न्हाई निघत. तुम्ही जेवून घ्या. आमी हितंच जेवून येतो.”